लढाई उंबरठ्याच्या आतली



स्वातंत्र्याचा इतिहास तुम्ही दरवर्षी थोडा थोडा वाचत आला आहात. 1857 चा उठाव, 1920 ची असहकाराची चळवळ, 1942 चे 'छोडो भारत' आंदोलन आणि मग 15 ऑगस्ट 1947. या सगळ्या लढायांत समोर कोण होते हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. समोर परके सरकार होते.

पण त्याच काळात आणखी एक लढाई चालू होती. ती रस्त्यावर नव्हती, घरात होती. तिथे समोर परके कोणी नव्हते. आजी, सासू, काका, वडील अशी आपलीच माणसे होती. तुम्ही घरी ज्यांना 'बुजुर्ग' म्हणता, त्यांना मराठीत 'वडीलधारी माणसे' म्हणतात. ज्यांच्या मांडीवर आपण वाढलो, ज्यांना रोज आदराने सलाम किंवा नमस्कार करायचा, त्यांनीच एखाद्या मुलीला "तू शिकायचे नाहीस" असे सांगितले, तर तिने काय करावे? शत्रूशी भांडता येते. आजीशी कसे भांडणार?

हा प्रश्न ज्यांना खरोखर सोडवावा लागला, अशा काही स्त्रियांची हकीकत या पाठात वाचा.

प्रथम एका मोठ्या माणसाबद्दल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे पुण्यातील नामवंत पुढारी. विधवांचे पुन्हा लग्न व्हावे असे ते सभांमधून सांगत. 1873 मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. आता रानडे स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती. पण त्यांच्या वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि लग्न ठरवले. एकतीस वर्षांच्या न्यायाधीशाला वडिलांचा शब्द मोडता आला नाही. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. रानड्यांनी लगेच त्यांना लिहायला-वाचायला शिकवायला सुरुवात केली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच आवडले नाही. पुढे रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. ते 1910 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या घरात शिकण्यासाठी काय काय सोसावे लागले, ते या पुस्तकात आहे. मोठ्या पुढाऱ्याचे घर म्हणजे मोकळे घर, असे समजू नका.

आता मुंबईला जाऊ.

मुंबईत 1864 मध्ये रखमाबाईंचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आईने पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. त्यांच्या जातीत विधवेला असे लग्न करता येत असे. सखाराम अर्जुन हे विद्वान गृहस्थ होते. झाडे, वेली, औषधी वनस्पती हा त्यांच्या आवडीचा विषय. रखमाबाईंना पुस्तकांची गोडी लागली ती याच घरात. पण घर कितीही शिकलेले असले तरी रीत सुटत नाही. रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी झाले. दादाजींनी सासरच्या घरी राहून शिक्षण घ्यावे असे ठरले होते. दादाजींचे मन शिक्षणात रमले नाही आणि ते आपल्या मामांच्या घरी राहायला गेले. रखमाबाई मात्र आईजवळ राहिल्या. एवढ्या लहान मुलीला संसारासाठी नवऱ्याच्या घरी पाठवायला सखाराम अर्जुन यांचा विरोध होता. ते डॉक्टर होते. कोवळ्या वयातील संसाराने मुलींच्या प्रकृतीचे काय होते, हे त्यांना माहीत होते.

अशी वर्षे गेली. मुलगी मोठी झाली, घरी बसून मिशनच्या वाचनालयातील पुस्तके वाचू लागली. 1884 मध्ये दादाजींनी वकिलामार्फत कळवले की माझी पत्नी माझ्याकडे नांदायला पाठवा. 'नांदणे' म्हणजे सासरी संसार करून राहणे. रखमाबाईंनी नकार दिला. मग दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. माझ्या बायकोला माहेरच्या माणसांनी मालमत्तेसाठी अडवून ठेवले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. रखमाबाईंचे म्हणणे अगदी साधे होते. हे लग्न मी केलेले नाही. ते झाले तेव्हा मला काही कळत नव्हते. आता कळते आहे, तर मला त्या घरी जायचे नाही.

(या खटल्यातील कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, हे लक्षात आले का? वकील, दावा, मालमत्ता, हुकूम, कैद. मराठीतील कोर्टाची भाषा फारसीच्या दारातूनच आत आली आहे. म्हणून हा भाग वाचताना तुम्हाला कोश फारसा उघडावा लागणार नाही.)

रखमाबाई नुसत्या कोर्टात उभ्या राहिल्या नाहीत. 1885 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' या वृत्तपत्रात 'एक हिंदू स्त्री' अशा सहीची पत्रे छापून आली. बालविवाहामुळे मुलीचे शिक्षण कसे मध्येच तुटते, मुलगा मात्र लग्नानंतरही शाळेत कसा जातो, हे त्यांत लिहिले होते. ही पत्रे कोण लिहिते याची गावभर चर्चा झाली. ती रखमाबाईंची होती. त्यांचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. खटल्याचा निकाल पाहायला ते राहिले नाहीत. सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. असहाय वयात लग्न झालेल्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या घरी जाण्याची सक्ती करणे त्यांना योग्य वाटले नाही. पण दादाजींनी अपील केले, खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला. रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी.

तुम्ही काय केले असते? घाईने उत्तर देऊ नका. त्या काळी चांगल्या घरची स्त्री तुरुंगात गेली तर सगळ्या घराण्याची अब्रू गेली असे समजत. आई होती, नातेवाईक होते, जातीची पंचायत होती. रखमाबाईंनी सांगितले की मी कैद पत्करीन, पण त्या घरी जाणार नाही.

इथे एक गोष्ट लिहिताना मनाला जड वाटते, पण ती लिहिलीच पाहिजे. लोकमान्य टिळक हे आपल्या स्वातंत्र्यलढ्याचे थोर पुढारी. देशासाठी त्यांनी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढली. पण रखमाबाईंच्या प्रकरणात ते त्यांच्या विरुद्ध बाजूला होते. आमच्या घरात आणि धर्मात इंग्रजांच्या कायद्याने हात घालू नये, असे त्यांचे मत होते. हे मत नुसते हेकट नव्हते. परक्या सरकारला एकदा घरात येऊ दिले की ते कुठे थांबेल, ही भीती खरी होती. परंतु या सगळ्या वादात, त्या घरातच अडकलेल्या मुलीने काय करायचे, याचे उत्तर मात्र मिळत नाही. टिळकांचे जवळचे मित्र गोपाळ गणेश आगरकर यांना टिळकांची बाजू पटत नसे. समाजसुधारणेच्या प्रश्नावर दोघांची मने दुरावली. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' हे वेगळे वृत्तपत्र काढले. देशाचे स्वातंत्र्य आधी की घरातील माणसांचे आधी, हा वाद दोन सच्च्या मित्रांना वेगळे करण्याइतका मोठा होता.

रखमाबाईंना शेवटी तुरुंगात जावे लागले नाही. जुलै 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजींनी हक्क सोडला. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाई 1889 मध्ये इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या दवाखान्यांत त्यांनी अनेक वर्षे काम केले. 1891 मध्ये मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा झाला. त्याच्या मागे ज्या घटना होत्या, त्यांत या खटल्याचे नाव पुढे असते. बारा हे वय आज आपल्याला किती कमी वाटते! तेव्हा तेवढ्यासाठीही केवढे वादळ उठले होते.

आणखी एक गोष्ट सांगतात. 1904 मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली. ज्या लग्नाला त्यांनी भर कोर्टात नकार दिला, त्याची ही खूण त्यांनी का स्वीकारली? यावर वर्गात जरूर बोला. माणसाचे मन वकिलाच्या कागदासारखे सरळ नसते, एवढेच आम्हाला वाटते.

आता उत्तरेकडे, रामपूर संस्थानात येऊ. इथली वडीलधारी व्यक्ती दार अडवून बसली नाही. तिने स्वतःच दार उघडले. तुम्ही अली बंधूंची नावे ऐकली आहेत. मौलाना शौकत अली आणि मौलाना मुहम्मद अली. त्यांच्या आईचे नाव आबादी बानो बेगम, पण साऱ्या देशाने त्यांना 'बी अम्मा' म्हटले. तरुणपणीच त्यांना वैधव्य आले. मुहम्मद अलींना तर तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. बी अम्मा कोणत्याही शाळेत गेलेल्या नव्हत्या. तरीही आपल्या मुलांनी नव्या पद्धतीचे इंग्रजी शिक्षण घ्यावे असे त्यांच्या मनाने घेतले. कुटुंबाची मालमत्ता मुलांच्या काकांकडे होती. इंग्रजी शाळेत गेले की मुले धर्म विसरतील, असे काकांना वाटे. त्यांनी पैसे द्यायला नकार दिला. बी अम्मा भांडल्या नाहीत. पडद्याआडून त्यांनी आपले दागिने गुपचूप गहाण ठेवले आणि मुलाला बरेलीच्या शाळेत पाठवले. 'गहाण' म्हणजे तुम्ही ज्याला 'रहन' म्हणता तेच. पुढे मुहम्मद अली अलीगढला आणि तिथून ऑक्सफर्डला शिकले. ही हकीकत त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये सरकारने दोघा भावांना स्थानबद्ध केले. पुढे त्यांना छिंदवाड्याला ठेवले. म्हाताऱ्या बी अम्मा त्यांच्याबरोबर राहिल्या. सरकारने सुटकेसाठी एका कागदावर सही मागितली, तेव्हा अशा अटी मान्य करून माझी मुले सुटलेली मला चालणार नाहीत, असे त्यांनी पडद्यामागून अधिकाऱ्याला ठणकावले. 1917 मध्ये मुस्लिम लीगच्या कलकत्त्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून मुहम्मद अली निवडले गेले. अध्यक्ष तर बंदिवासात! मग त्यांच्या वतीने बुरख्यातील बी अम्मा सभेत बोलल्या. पुढे 1921 मध्ये मुलांना पुन्हा शिक्षा झाली, तेव्हा त्या गावोगाव फिरल्या. पंजाबातील एका मोठ्या सभेत बोलता बोलता त्यांनी चेहऱ्यावरचा पडदा वर केला. समोर बसलेले सगळे माझे मुलगेच आहेत, मुलांपासून आईने काय लपायचे, असे त्यांनी सांगितले. पडदा पाळणाऱ्या घरातील सत्तरीच्या आसपासच्या आजीने हे केले, आणि तेही 'आई' या नात्याने. या नात्यापुढे कोण काय बोलणार? 1924 मध्ये बी अम्मांचे निधन झाले.

शेवटची हकीकत बंगालमधील आहे, आणि तिच्याशी तुमचे नाते सर्वांत जवळचे आहे.

रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी 1880 मध्ये रुकैया यांचा जन्म एका जमीनदार घराण्यात झाला. बंगालीत त्यांना बेगम रोकेया म्हणतात. घरात अरबी, फारसी, उर्दू या भाषांचा मान होता. मुलींनी कुराण वाचावे, थोडे उर्दू वाचावे, बस. बंगाली ही सामान्य लोकांची भाषा आणि इंग्रजी तर परक्यांची. मुलींना दोन्ही वर्ज्य. पडदा इतका कडक की पाच वर्षांच्या रोकेयाला अनोळखी बायका घरी आल्या तरी लपावे लागे. पण तिचे थोरले भाऊ इब्राहीम साबीर कलकत्त्यात शिकलेले होते. रात्री सगळे घर झोपले की ते मेणबत्ती लावत आणि बहिणीला इंग्रजी व बंगाली शिकवत. थोरली बहीण करीमुन्निसा हिनेही असेच चोरून बंगाली शिकून घेतले होते.

जरा विचार करा. तुम्ही दिवसाढवळ्या, बाकावर बसून, गुरुजींच्या देखत ही दुसरी भाषा शिकत आहात. कधी कंटाळताही! रोकेयाला दुसऱ्या भाषेचे पान मेणबत्तीच्या उजेडात आणि वडिलांच्या पावलांकडे कान ठेवून वाचावे लागले.

त्यांचे पती सय्यद सखावत हुसेन हे उर्दू बोलणारे सरकारी अधिकारी होते. भागलपूरला राहत. त्यांनी पत्नीला लिहायला उत्तेजन दिले. एकदा ते दौऱ्यावर गेले असताना वेळ घालवण्यासाठी रोकेयांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. तिचे नाव 'सुलतानाचे स्वप्न'. मद्रासच्या एका मासिकात ती 1905 मध्ये छापली गेली. गोष्टीतील देशात पुरुष पडद्यात आहेत. जनान्याऐवजी तिथे मर्दाना आहे! राज्य स्त्रिया चालवतात. त्या ढगांतून पाणी काढतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून उडणाऱ्या वाहनात फिरतात. हे लिहिणारी स्त्री स्वतः कोणत्याही शाळेत गेलेली नव्हती. सूर्यचूल काय असते ते तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पाहता. गोष्ट वाचून हसू येते. हसून झाल्यावर मात्र ध्यानात येते की हे सगळे पुरुषांच्या बाबतीत हास्यास्पद वाटते, तर मग स्त्रियांच्या बाबतीत इतके दिवस साधे का वाटत होते?

1909 मध्ये सखावत हुसेन वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. रोकेयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा सुरू केली. तिथे राहणे अवघड झाले, तेव्हा त्या कलकत्त्याला आल्या आणि 1911 मध्ये आठ मुलींना घेऊन त्यांनी 'सखावत मेमोरियल' ही मुलींची शाळा उघडली. सुरुवातीला या शाळेचे माध्यम उर्दू होते. होय, तुमच्या शाळेसारखेच.

शाळा उघडणे सोपे होते, मुली आणणे अवघड. रोकेया घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांची समजूत घालत. मुली शाळेत येतील, पण पडद्यात येतील, असे वचन देत. म्हणून शाळेची मोटार चारी बाजूंनी बंद केली गेली. पहिल्याच दिवशी आतल्या काळोखात आणि कोंडलेल्या हवेत लहान मुली घाबरल्या, कोणाला ओकारी झाली, कोणाला भोवळ आली. मग मोटारीच्या झडपा काढून तिथे पडदे लावले. त्यावर पत्रे येऊ लागली. वाऱ्याने पडदे उडतात, मुली बाहेरून दिसतात, सुधारणा झाली नाही तर आम्ही वृत्तपत्रांतून शाळेविरुद्ध लिहू! झडपा बंद ठेवाव्यात तर मुली गुदमरतात आणि पालक रागावतात. पडदे लावावेत तर पत्रे येतात. हा प्रसंग रोकेयांनी 1931 च्या आपल्या 'अवरोधबासिनी' या पुस्तकात लिहिला आहे. 'अवरोधबासिनी' म्हणजे कोंडून राहणाऱ्या स्त्रिया. त्या स्वतः डोक्यावरून पदर घेत, बाहेर जाताना बुरखा वापरत. पडद्याच्या नावाखाली लेकरांचा श्वास कोंडू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. याच कारणाने शाळा बंद पडू नये म्हणून त्यांनी किती गोष्टी मुकाट्याने सोसल्या असतील!

9 डिसेंबर 1932 रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत आठ मुलींची ती शाळा मोठी झाली होती. 1924 मध्ये त्यांची 'पद्मराग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. ही कादंबरी त्यांनी थोरल्या भावाला, इब्राहीम साबीर यांना अर्पण केली आहे.